पेटारा आणि नांगर

शेती हा मुख्य धंदा आणि तिच्या जोडीला आणखी काही तरी, अशी कोकणी माणसाच्या संसाराची घडण फार जुनी आहे. एकट्या भातावर वर्ष निघत नाही, हे येथील प्रत्येक घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून कोणी आषाढात माती मळून गणपतीची चित्रशाळा मांडी, कोणी मडकी भाजी, कोणी समया ओती, तर कोणी मळणी आटोपली की नांगर माळ्यावर ठेवून डोक्यावर मुकुट चढवी आणि रात्रभर राजा होई. यांपैकी शेवटचा जोडव्यवसाय म्हणजे दशावतारी मंडळी. परंपरेत मुळे असलेला, समाजाने पोसलेला आणि तरीही घरखर्चाला हातभार लावणारा कलेचा उद्योग कसा उभा राहतो व कशाने खचतो, हे समजून घ्यावयाचे असेल, तर याहून बोलके उदाहरण पेडणे-डिचोलीच्या परिसरात सापडणे कठीण. आज वारशाच्या आधारे काही नवे आरंभू पाहणारी तरुण मंडळी आपल्या समाजात पुष्कळ आहेत. त्यांनी या जुन्या उद्योगाचा जमाखर्च एकदा नीट वाचावा, एवढ्यासाठी हा प्रपंच.

प्रथम भूमीचा विचार करू. पेडणे हा गोव्याचा अगदी उत्तरेकडील महाल. तेरेखोल नदी ओलांडली, की सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. पेडणे महाल 1788 सालापर्यंत वाडीच्या सावंतांकडे होता. त्या साली तो पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला. डिचोली आणि सत्तरी हे महाल त्याआधी काही वर्षे गेले होते. ‘नव्या काबिजादी’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रदेश पोर्तुगीज सत्तेखाली आला, तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तिसवाडी, बारदेश व साष्टी या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकातच देवळे पाडली गेली. 1560 साली इन्क्विझिशन आले आणि ते कायमचे उठण्यास 1812 साल उजाडावे लागले. देव नदीपार नेण्याची पाळी भक्तांवर आली. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर डिचोलीतील नार्वे येथे येऊन राहिला आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी त्याचे देवालय नव्याने उभारविले, हा इतिहास वाचकांस परिचित आहेच. पेडणे-डिचोलीत मात्र राज्य बदलले तरी तेथील लोकांचा धर्म व रीतिरिवाज यांस हात लावावयाचा नाही, असे धोरण नव्या सत्तेने पत्करले. त्यामुळे येथील देवळांच्या जत्रा मोडल्या नाहीत. आणि जत्रा टिकली म्हणून जत्रेच्या रात्री देवळासमोर उभा राहणारा नटही टिकला.

दशावताराचे वय नेमके किती, यावर विद्वानांत एकमत नाही. कवठे गावच्या गोरे नावाच्या गृहस्थांनी हा खेळ कोकणात आणला, अशी एक परंपरा सांगितली जाते; कर्नाटकातील यक्षगानाशी त्याचे नाते जोडणारेही पुष्कळ आहेत. एवढे मात्र निश्चित, की सतराव्या शतकात समर्थ रामदासांना दशावतारी खेळ चांगला ठाऊक होता. या खेळात सुंदर स्त्रिया येतात, नेत्रांचे विभ्रम करतात, पण पाहू जाता ते सारे दांडगे पुरुषच असतात, अशा अर्थाचा दाखला त्यांनी दासबोधात दिला आहे. पुढे 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्या वेळी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ हे त्यांचे निमित्त होते. पण गणपती, मोरावर बसलेली सरस्वती आणि विदूषक हा त्यांच्या खेळाचा आरंभ कोकणी माणसाला मुळीच परका वाटला नसता. मराठी रंगभूमीचा उंबरठा ज्या लाकडाचा झाला, त्याच जातीचे लाकूड आपल्या देवळांच्या प्रांगणात केव्हापासून उभे होते.

आता खेळाकडे वळू. जत्रेच्या दिवशी देवीची ओटी भरून होते, पालखीची प्रदक्षिणा होते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास मृदंगावर थाप पडते. मृदंग, पायपेटी व झांज एवढेच काय ते वाद्यवृंद. रंगभूमी म्हणजे देवळासमोरील मोकळी जागा, मागे एक पडदा आणि मध्ये एक लाकडी बाकडे. हे बाकडे कधी सिंहासन होते, कधी पर्वत होते, कधी अरण्यातील शिळा होते. प्रेक्षक त्याला जे मानतील ते ते होते. पूर्वरंगात सूत्रधार गणपतीला आवाहन करतो. रिद्धिसिद्धींसह गजानन येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतात. मग काळ्या वेषातला, लाल जीभ बाहेर काढलेला संकासुर वेद पळवितो व विष्णूच्या हातून मरण पावतो. त्यानंतर उत्तररंगात पुराणातील एखादे आख्यान पहाटेपर्यंत चालते. शेवटी दह्याची हंडी फुटते, काला वाटला जातो. या शेवटच्या विधीवरूनच आपल्याकडे या सबंध खेळाला ‘धयकालो’ असे नाव पडले आहे. खेळ देवासमोर सुरू होतो आणि प्रसादाने संपतो, म्हणूनच पाहणाऱ्याला तो करमणूक वाटला तरी देवळाच्या लेखी तो पूजेचाच एक भाग असतो.

या खेळाला लिखित संहिता नसते. खेळाआधी मंडळी एकत्र बसतात, आख्यान ठरते, कोण राजा, कोण राक्षस, कोण राणी हे ठरते, प्रवेशांचा क्रम सांगितला जातो, आणि संवाद ज्याचा त्याने रंगभूमीवर उभे राहून रचावयाचा. चार-सहा तास तोलून धरणारी ही वाणी शाळेत शिकून येत नाही. ती पुराणश्रवणातून, कीर्तनातून, भजनातून आणि थोरल्या नटांच्या शेजारी वर्षानुवर्षे उभे राहून येते. भाषेची योजनाही पाहण्यासारखी. देव, ऋषी आणि राजे संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात. संकासुर मात्र गावची बोली बोलतो आणि ब्रह्मदेवालाही तिच्यात खाली बघावयास लावतो. मराठी व कोकणी यांच्या नात्याविषयी आपल्याकडे पुष्कळ वाद झाले, पण दशावतारी बाकड्यावर या दोघी रात्रभर शेजारी नांदत आल्या आहेत. एकीने दरारा सांभाळावा, दुसरीने हसू फुलवावे, असा त्यांचा करार दिसतो.

हा झाला कलेचा भाग. व्यवसाय म्हणून या मंडळीची बांधणी कशी होती, हे पाहिले म्हणजे जुन्या माणसांच्या शहाणपणाचे खरे कौतुक वाटते. पहिली गोष्ट हंगामाची. खरिपाचे भात कापून मळून झाले, की कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि पावसाळ्यापूर्वी संपतात. ज्या महिन्यांत शेतकऱ्याचे हात रिकामे, नेमके तेच महिने देवाच्या उत्सवाचे. म्हणजे नट होण्यासाठी कोणाला शेत सोडावे लागत नसे आणि शेत करण्यासाठी कोणाला मुकुट उतरवून ठेवावा लागत नसे. दुसरी गोष्ट तिथीची. कोणत्या देवळाची जत्रा कोणत्या तिथीला, हे पंचांगाने आधीच ठरलेले असते. कित्येक देवळांत कोणत्या मंडळीने खेळ करावयाचा, हेही मानाप्रमाणे ठरलेले असे. गिऱ्हाईक शोधीत हिंडण्याची पाळी या धंद्यावर आलीच नाही. प्रेक्षक ठरलेला, दिवस ठरलेला आणि जागा ठरलेली.

तिसरी गोष्ट भांडवलाची. मंडळीचे सारे भांडवल एका पेटाऱ्यात मावे. मुकुट, मुखवटे, आयुधे, साड्या आणि रंग त्यात भरले, तो डोक्यावर घेतला आणि मंडळी पायी पुढच्या गावी निघाली. वालावलकर, मोचेमाडकर, आजगावकर, खानोलकर, पार्सेकर ही मंडळ्यांची नावेच गावांची नावे आहेत. पेडणे महालातील पार्से गावाचे नाव वेंगुर्ल्याकडच्या मंडळीला चिकटावे, यावरून नदीच्या दोन्ही तीरांचे दळणवळण ध्यानात येते. पेटारा मंडळीच्या मालकाचा आणि नटाला एका रात्रीचे मानधन, असा साधा हिशेब. देवळाकडून शिधा व बिदागी मिळे आणि खेळ चालू असता आरतीचे ताट प्रेक्षकांत फिरे, त्यात ज्याची जशी ऐपत तसा पैसा पडे. कर्ज काढून नाटक उभे करणाऱ्या शहरी कंपन्यांतील कित्येक नामांकित कंपन्या बुडाल्या. पेटारा मात्र बुडाला नाही, कारण बुडण्याइतका तो जडच नव्हता.

तथापि या चित्राची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. दशावतारी नटांत देवळाच्या सेवेकरी घराण्यांतील माणसे पुष्कळ होती. पोर्तुगीज अमदानीत 1886 साली व पुढे 1933 साली देवस्थानांच्या कारभाराचे नियम झाले. महाजन कोण, सेवेकरी कोण आणि कोणाचे कर्तव्य कोणते, हे कागदावर आले. त्यामुळे कारभाराला शिस्त आली हे खरे. पण मान मात्र पूर्वीप्रमाणेच वरच्या पायरीवर बसून राहिला. रात्री ज्याच्या मुखातून हरिश्चंद्राचे सत्य ऐकून श्रोत्यांचे डोळे पाणावत, त्याच माणसाला सकाळी देवळाच्या पायरीखाली उभे राहून बिदागी घ्यावी लागे. समाजाने ही कला पोसली असे आपण अभिमानाने म्हणतो. ते खरे आहे, परंतु पोसणे आणि मान देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीत आपण उणे पडलो, आणि त्या उणेपणाची किंमत पुढच्या पिढीत मोजावी लागते, जेव्हा नटाचा मुलगा वडिलांच्या मुकुटाकडे पाहून मान फिरवितो.

दशावताराच्या शेजारीच वाढलेल्या दोन कलांशी त्याची तुलना केली म्हणजे त्याचे बळ कशात होते, हे अधिक स्पष्ट होते. सावंतवाडीचा गंजिफा पाहा. मोगलांच्या काळात हिंदुस्थानात रुळलेल्या या खेळाला आपल्याकडे दशावतारांचे रूप मिळाले. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंत पाने, अशी एकंदर 120 वाटोळी पाने चितारी हाताने रंगवीत. पाने अप्रतिम, पण ती घेणारा राजवाडा आणि त्याभोवतीचा मानकरी वर्ग. छापील विलायती पत्ते स्वस्तात मिळू लागले, खेळणारे गेले आणि रंगविणारेही गेले. अखेर शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ही विद्या स्वतः शिकून घेतली आणि 1970 च्या दशकाच्या आरंभी राजवाड्यातच कारखाना काढून ती पुन्हा उभी केली. एका घराण्याच्या आश्रयावर जगलेली कला त्याच घराण्याच्या हाताने वाचली, हे भाग्यच म्हणावयाचे. असे भाग्य प्रत्येक कलेच्या वाट्याला येत नाही.

दुसरे उदाहरण कुडाळजवळच्या पिंगुळीचे. तेथील ठाकर समाजाची मंडळी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या यांचे खेळ देवळांतून करीत. चित्रांची चळत म्हणजे त्यांची पोथी. एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातील कथा गावयाची. यांचीही देवळे वाटून दिलेली होती. परंतु सिनेमा व दूरदर्शन आल्यावर पोथीपुढे बसणारे श्रोतेच उठून गेले. देवळाची तिथी उरली, सभा उरली नाही. येथे परशुराम गंगावणे यांनी जे केले, ते जोडव्यवसायाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी आपल्या घराच्या गोठ्याचेच संग्रहालय केले, बाहुल्या व पोथ्या तेथे मांडल्या, येणाऱ्याला खेळ करून दाखविला, आणि पुढच्या पिढीला हातात दोरी धरावयास शिकविले. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोठा रिकामा करून कला आत घेण्याइतका ज्याचा तिच्यावर विश्वास होता, त्याच्याकडे जग चालत आले.

गंजिफ्याचा आश्रयदाता एक होता, तो खचताच कला खचली. चित्रकथीला तिथी होती, पण गाव पाठीशी उरले नाही. दशावताराचा आश्रयदाता मात्र सबंध गाव होता आणि त्याची ऐपत थोडी असली तरी तिला खंड नव्हता. वारशावर उभ्या राहणाऱ्या उद्योगाला मोठा धनी लागत नाही. दरवर्षी न चुकता दार उघडणारे गाव लागते, असा याचा अर्थ मला दिसतो. याची साक्ष परदेशांतही मिळते. जर्मनीत बव्हेरिया प्रांतातील ओबरआमरगाऊ या डोंगरी गावाने महामारीच्या काळात, 1633 साली, ख्रिस्ताच्या अंतकाळाचे नाटक करण्याचा नवस केला आणि 1634 साली तो प्रथम फेडला. तेव्हापासून साधारणपणे दर दहा वर्षांनी गावकरी तो फेडीत आले आहेत. 2020 सालचा खेळ साथीमुळे लांबला, तो त्यांनी 2022 साली केला. त्यात भूमिका करणारे लोक गावातलेच. लाकडावर कोरीव काम करणे हा तेथील जुना धंदा, आणि नाटकासाठी येणारे यात्रेकरू या कोरीव मूर्ती घरी नेत आले. नवस, नाटक आणि धंदा ही तिन्ही एकाच अंगणात नांदली. आपल्या जत्रेचे याहून वेगळे काय आहे?

मग आज चिंतेचे कारण कोणते? जत्रा बंद पडल्या असे नाही. उलट पेडण्याची पुनव म्हणा, शिरगावची लईराई म्हणा, गर्दी पूर्वीपेक्षा अधिकच. सोनुर्लीच्या माउलीपुढे लोटांगणे घालणारे भक्तही उणावलेले नाहीत. जे हरवले, ते शेतकऱ्याचे रिकामे महिने होत. दुसऱ्या महायुद्धानंतर डिचोली-सत्तरीत लोहखनिजाच्या खाणी वाढल्या. पावसात खाण बंद. म्हणजे तिचा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा. हाच दशावताराचा हंगाम! जे हात पूर्वी कार्तिकात मोकळे होत, ते आता ट्रकच्या चाकावर बसले. 2012 साली खाणकाम थांबले, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केले. पण तोवर कित्येक शेते गाळाने भरून गेली होती आणि शेताबरोबर शेताचा ऋतुक्रमही गेला होता. पुढे लिलाव होऊन खाणकामास पुन्हा आरंभ झाला. पेडण्यात केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यांवर पर्यटनाचा हंगाम तोच. आणि 2023 च्या जानेवारीपासून मोपा येथील विमानतळावर विमाने उतरू लागली, त्याला तर हंगामच नाही. सांगावयाचे ते इतकेच, की जोडव्यवसाय ज्या सवडीवर उभा होता, ती सवड आता विकत घेणारे दुसरे धनी आले आहेत आणि त्यांचा भाव अधिक आहे.

आजचा नट दिवसा नोकरी करतो, सायंकाळी गाडी पकडतो, पहाटे मुकुट उतरवून पुन्हा कामावर जातो. मंडळ्यांनीही काळाशी तडजोडी केल्या आहेत. ‘ट्रिकसीन’ची जाहिरात होते, निरनिराळ्या मंडळ्यांतील नामांकित नट एकत्र आणून ‘संयुक्त दशावतार’ होतात. 2025 च्या सप्टेंबरात ‘दशावतार’ याच नावाचा मराठी चित्रपट आला आणि शहरातील माणसालाही या कलेची आठवण झाली. या बदलांकडे नाक मुरडून पाहण्याचे कारण नाही. पलित्यांच्या जागी गॅसबत्ती आली तेव्हाही कोणी तरी हळहळले असेलच. भीती आहे ती निराळीच. देवळाच्या कार्यक्रमपत्रिकेत दशावताराला उरलेला वेळ मिळू लागला, पूर्वरंग आटोपता घ्या असे सांगितले जाऊ लागले, तर नट येईल, बिदागी घेईल आणि जाईल. पण त्याच्या शेजारी उभे राहून शिकणारा मुलगा येणार नाही. ज्या कलेला संहिता नाही, तिचे पुस्तक म्हणजे तो मुलगाच होय. तो आला नाही, तर एका पिढीत सारे पुसले जाईल.

म्हणून देवस्थानांच्या समित्यांपुढे काही गोष्टी नम्रपणे मांडाव्याशा वाटतात. रंगरंगोटी, रोषणाई आणि महाप्रसाद यांवर आपण सढळ हाताने खर्च करतो. त्याच अंदाजपत्रकात नटाच्या रात्रीचे मोल आजच्या मजुरीच्या मानाने धरावे. ती देणगी समजू नये; नटाने गमावलेल्या दिवसाची ती भरपाई आहे. पूर्वरंगाला त्याचा पूर्ण वेळ द्यावा. मंडळीबरोबर येणाऱ्या शिकाऊ मुलाचाही देवासमोर नारळ देऊन मान करावा. अग्रशाळेत नटांची निजण्याची व जेवणाची व्यवस्था महाजनांच्या पाहुण्यांइतकीच चांगली असावी. यांतील एकाही गोष्टीला सरकारचे अनुदान लागत नाही.

आणि वारशावर काही नवे उभारू पाहणाऱ्या तरुणांना पेटाऱ्याचा धडा थोडक्यात असा. जे कराल ते घरच्या मुख्य उद्योगाच्या जोडीने बसेल असे करा. दोघांचे हंगाम एकमेकांवर चढू देऊ नका. चित्रशाळा पावसाळ्यात, दशावतार सुगीनंतर, ही जुनी वाटणी आंधळी नव्हती. भांडवल डोक्यावर पेलेल एवढेच ठेवा. आधी आपल्या गावाला त्याची गरज पडू द्या, मग परगावचे लोक आपोआप येतील. आणि विद्या एकट्याजवळ ठेवू नका. पेटारा मालकाचा असला तरी बाकड्यावर उभे राहण्याचा अधिकार शिकणाऱ्या प्रत्येकाचा होता, म्हणूनच तो पेटारा इतक्या पिढ्या एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जात राहिला. यंदाच्या कार्तिकातही तो आपल्या देवळाच्या दारी उतरेल. त्याला हात लावून खाली घेणारे कोणी तरी तेथे उभे असावे, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.